एकांकिकेच्या संहितेची कॉपीराइट नोंदणी: ५०० रुपयांत नेमके काय मिळते

माझ्या एका एकांकिकेचा प्रयोग शीर्षक बदलून आणि लेखक म्हणून दुसऱ्याच व्यक्तीचे नाव छापून एका स्पर्धेत झाला, तेव्हा ती संहिता माझी आहे हे दाखवायला माझ्याजवळ जुन्या वह्या आणि तालमीच्या प्रतीवरील खाडाखोड यांपलीकडे काहीही नव्हते. त्यानंतर लिहिलेल्या संहितेची मात्र मी केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन नोंदणी केली, आणि ही सेवा लेखकांनी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

नाट्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. अर्ज दाखल झाला की डायरी क्रमांक मिळतो, मग कोणाची हरकत येते का यासाठी ३० दिवस थांबावे लागते आणि त्यानंतरच अर्जाची तपासणी होते. घाईत असलेल्यांना हा काळ जाचेल. पण हरकतीला वाव ठेवल्याशिवाय नोंदीला वजन येणार नाही, म्हणून मला तो योग्य वाटतो. अप्रकाशित संहितेचीही नोंदणी होते, ही नाटककारांसाठी मोठी सोय आहे, कारण आपल्याकडच्या कितीतरी एकांकिका प्रयोग होऊनही कधी छापल्याच जात नाहीत.

मात्र या पैशांत हक्क विकत मिळतो असे कोणी समजू नये. १९५७ च्या कायद्याप्रमाणे संहिता लिहून झाली की हक्क आपोआप निर्माण होतो आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणीने मिळतो तो पुरावा. कलम ४८ नुसार नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, त्यामुळे ती खोटी असल्याचे दाखवण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र म्हणजेच कॉपीराइट, असा समज हौशी रंगकर्मींमध्ये मी अनेकदा ऐकला आहे. तो चुकीचा आहे, कारण ते प्रमाणपत्र प्रयोगासाठी असते, मालकीसाठी नव्हे.

नोंदणीची खरी मर्यादा वेगळीच आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर असतो, असे स्पष्ट केले, आणि त्या खटल्यात नाटककार हरला. तेव्हा केवळ कथासार नोंदवण्यापेक्षा संवादांसह पूर्ण संहिता नोंदवणेच शहाणपणाचे.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही प्रयोगाची परवानगी तोंडी देऊ नये. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत, ही तरतूद मला फार उशिरा कळली. आता मी प्रत्येक संमतीपत्रात संस्थेचे नाव, स्पर्धेचे नाव आणि प्रयोगाची तारीख लिहितो, आणि नोंदणीचा अर्ज संहितेच्या पहिल्या वाचनाआधीच भरतो.