नाताळच्या खेळांची पेटी : फणी उत्तम, फटाके फुसके

म्हापशाच्या बाजारात नाताळाआधी येशूजन्माच्या गोठ्याच्या मूर्ती आणि कागदी तारे मांडले जातात, त्यांच्याच शेजारी यंदा मुलांसाठी खेळांची एक पेटी विकायला होती. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या पेटीची किंमत ६५० रुपये आहे. चतुर्थीला आमच्या नेवऱ्या (करंज्या) शेजारी जातात आणि डिसेंबरात शेजाऱ्यांकडून दोदोल व बोलिन्या या नाताळच्या गोड पदार्थांचे ताट येते, त्यामुळे दोन्ही घरांतील मुलांनी मिळूनच तिची परीक्षा घेतली.

पेटीतील सर्वांत सरस वस्तू दिसायला अगदी क्षुल्लक आहे. कुलकुल हा नाताळचा तळलेला गोड पदार्थ वळण्यासाठी पेटीत लाकडी फण्या दिलेल्या आहेत. मैद्याच्या पिठाची बोराएवढी गोळी फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, म्हणजे तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. घड्याळ लावून कोण जास्त वळतो, अशी शर्यत नियमपत्रात सुचवली आहे. परंतु घाईत वळलेले कुलकुल तळताना उलगडतात, म्हणून आम्ही कढईतून अखंड बाहेर आलेलेच तेवढे मोजले, आणि त्यामुळे सर्वांत धाकटी मुलगी जिंकली. तळणीचे काम अर्थातच मोठ्यांनी करावे.

गोठ्याची पुठ्ठ्याची चित्रेही विचारपूर्वक केलेली आहेत. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे उभा केलेला गोठ्याचा देखावा या प्रथेचा आरंभ मानला जातो. येथे तिचा खेळ असा केला आहे की बाळ येशूच्या भेटीला आलेले तीन राजे घराच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यापाशी आणायचे. रेइश मागुश, चांदर आणि कासावली येथे त्या दिवशी तीन राजांचे फेस्त (चर्चचा उत्सव) असते, हे येथील मुलांना ठाऊक असल्यामुळे आपला राजा वाटेत अडकू नये याची त्यांना खरीच काळजी लागली.

चोवीस खिडक्यांची दिनदर्शिका मात्र फसली आहे. ती १ डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडण्यासाठी असते, आणि पेटी दुकानात आली महिन्याच्या मध्याला. मुलांनी मागची बाकी एका बैठकीत वसूल केली. आत चॉकलेटाऐवजी ‘शेजाऱ्यांच्या गोठ्यासाठी वाळके गवत आणून द्या’ अशी छोटी कामे आहेत, हे आमच्या उष्ण हवेत शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

दोघांनी दोन्ही टोके ओढून फोडायचे कागदी फटाके १८४७ मध्ये लंडनच्या टॉम स्मिथ या मिठाईवाल्याने काढले, असे सांगतात. या पेटीतील निम्मे फटाके दमट हवेने सादळून नुसतेच फाटले, आणि आतील विनोद तर मोठ्यांनाही उमगले नाहीत. डोळे बांधून हिममानवाला गाजराचे नाक चिकटवण्याच्या खेळाला मुले पोट धरून हसली, पण चित्राचा कागद इतका पातळ आहे की त्याऐवजी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने चित्र काढलेले बरे.

फण्या आणि गोठा यांसाठी पैसे मोजायला हरकत नाही. हाऊजीची तिकिटे मात्र वेगळी आणून ठेवावीत, कारण पेटीत बाराच आहेत आणि गोव्यात हाऊजीला आजी-आजोबा मुलांच्या आधी जागा धरून बसतात.