मॅग्नेस ज्यू म्युझियम, बर्कली: गोव्यात बसून ऑनलाइन बघितलं, त्याचा रिव्ह्यू

5 पैकी 5 स्टार देतेय.

कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बर्कली कॅम्पसचं हे ज्यू कला, इतिहास आणि संस्कृतीचं म्युझियम, मॅग्नेस कलेक्शन. 1962 मध्ये फ्रोमर नवराबायकोने सुरू केलं, 2010 मध्ये युनिव्हर्सिटीकडे आलं. तिथे जायचं म्हणजे व्हिसा, तिकीट सगळंच आलं, म्हणून फोंड्याला घरूनच लॅपटॉपवर बघितलं, फोटो फुकट बघता येतात, आणि मला वाटतं गोव्यातल्या लोकांनी तर हे बघायलाच हवं.

का ते सांगते. आपल्याकडे ज्यू म्हटलं की विषय डायरेक्ट इन्क्विझिशनवर, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयावर जातो. 1560 ला सुरू झालं, 1812 ला कायमचं बंद झालं. पणजीला चर्चसमोरची बाग ज्याच्या नावाची आहे तो गार्सिया द ऑर्ता, ज्यू घराण्यातला डॉक्टर, आपल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहून 1563 मध्ये इथेच गोव्यात छापलेलं त्याने. तो 1568 ला गेला, दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. हे सगळ्यांना माहीत असायलाच पाहिजे. पण ही माणसं जगायची कशी, सण कसे करायचे, लग्नात काय असायचं, हे आपल्याला कुठे माहितीये? घरात काही सापडलं तर तोच गुपचूप ज्यू धर्म पाळल्याचा पुरावा व्हायचा, मग वस्तू मागे उरणार तरी कुठून.

आणि इथेच हे म्युझियम ग्रेट वाटतं, कारण त्यांच्याकडे केरळच्या ज्यू लोकांचं कलेक्शन खूप मोठं आहे. ज्या 1568 मध्ये ऑर्ता गोव्यात वारला त्याच वर्षी कोचीला मट्टांचेरीत ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनाघर, उभं राहिलं, राजाने दिलेल्या जागेवर, त्याच्या राजवाड्याला लागून! पोर्तुगीज तिकडेही होतेच, पण राजाचा आधार होता म्हणून तिथला समाज उघडपणे जगला आणि त्यांच्या वस्तू टिकल्या. पूजेची भांडीकुंडी, कापडं, ताईत, हस्तलिखितं, जुने फोटो. मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो केतुबांवर, म्हणजे लग्नाचे करार, नवऱ्याची बायकोबद्दलची जबाबदारी त्यात लिहिलेली असते आणि भोवती नक्षी, झूम करून करून बघत बसले. कोचीच्या ज्यू बायकांची मल्याळम गाणीही असायची, वह्यांमध्ये उतरवून आईकडून मुलीकडे जायची, त्याबद्दलही आवर्जून वाचा, आपल्याकडच्या ओव्या ऐकलेल्या कुणालाही ते लगेच जवळचं वाटेल.

कोचीच्या वस्तू कॅलिफोर्नियात कशाला असं कुणी विचारेल, आणि प्रश्न बरोबरच आहे. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, मागे राहिलेलं कुणीतरी सांभाळणं गरजेचं होतं आणि ते यांनी मनापासून केलंय असं माझं मत. पण यातलं थोडं तरी कधी पणजीत प्रदर्शनाला यावं असं फार वाटतं, ओल्ड गोवा बघायला येणाऱ्या शाळेच्या पोरांना दुसरी बाजूही कळेल.

बाकी युरोपचा भागही मोठा आहे. फोटोग्राफर रोमन विश्नियाकचे फोटो 2018 मध्ये त्यांच्याकडे आले, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्या, ते बघताना मन घट्ट करावं लागतं. आर्थर शिकची चित्रंही आहेत, हिटलरवरची कार्टूनं वगैरे, मारिओ मिरांडाच्या चित्रांसारखीच इतकी गच्च भरलेली की कोपरान् कोपरा बघावा लागतो.

आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, म्हणजे बेने इस्रायल लोकांसाठी मात्र जरा वेगळं शोधा. 1874 मध्ये पुण्यात छापलेली मराठी हगादा आहे, पेसाख सणाचं पुस्तक, त्याच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका सणाच्या रोट्या करतायत. किहीमकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावं असलेली, अलिबागच्या आसपासच्या गावांतली ही माणसं, कोकणातलीच की आपली.

बघायचं असेल तर मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा. सर्चमध्ये कोचीन आणि केरळ दोन्ही टाकून बघा, फोटोखालची माहितीही वाचा. इंग्लिश जड वाटलं तर घरातल्या कॉलेजवाल्यांना सोबत घेऊन बसा.