निकॉन डीके-५: व्ह्यूफाइंडरचं टोपण, आणि ते नसेल तर

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) ट्रायपॉडवर लावून रिमोटने किंवा सेल्फ टायमरने फोटो काढताना व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे पाहायच्या खिडकीवर, डोळा नसतो, आणि मागचं ऊन थेट आत शिरतं. प्रकाश मोजणारा सेन्सर वर प्रिझमपाशी असल्याने हे ऊनही मोजणीत धरलं जातं. कॅमेऱ्याला दृश्य आहे त्याहून उजळ वाटतं आणि फोटो काळा येतो. मॅन्युअल मोडवर, म्हणजे एक्सपोजर आपणच ठरवतो तेव्हा, हा त्रास नाही. पण ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेऱ्याने स्वतः ठरवणं) चालू राहिला असेल तर तिथेही होतोच.

लाँग एक्सपोजरची, म्हणजे अनेक सेकंद शटर उघडं ठेवून काढलेल्या फोटोची, गोष्ट वेगळी. आरसा वर गेल्यावर व्ह्यूफाइंडरमधून फोटोच्या सेन्सरकडे जाणारी वाट बंद होते, पण पूर्ण नाही. १० स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारा) एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची गडद काच, लेन्समधून येणारा प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो, मागून येणारा मात्र तेवढाच राहतो. १/३० सेकंदाचं एक्सपोजर ३४ सेकंदांवर जातं आणि तेवढ्या वेळात झिरपलेला प्रकाश फोटोवर जांभळट किंवा धुरकट पट्टा उमटवतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दृश्य पाहताना, मोजणी बरोबर येते, म्हणून अनेकजण निर्धास्त होतात; पण झिरपणं तिथेही थांबत नाही.

डी५२००, डी७२००, डी७५० अशा चौकोनी आयपीसच्या (डोळा लावायच्या भागाच्या) बॉडींसाठी निकॉनचं डीके-५ आहे. काळ्या कडक प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण. आधी फ्रेम ठरवायची, फोकस करून लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकायची. मग बॉडी एका हाताने घट्ट धरून आयपीसभोवतीचा रबरी आयकप दोन्ही कडांखाली बोटं घालून वर सरकवायचा आणि डीके-५ त्याच खाचेत बसवायचं. या ओढाताणीत फ्रेम हमखास थोडी हलते, तेव्हा लाइव्ह व्ह्यूमध्ये पुन्हा पाहून घ्या.

काम ते चोख करतं. गैरसोय एवढीच की त्याला दोरी नाही, आणि काढलेला आयकपही खिशात सांभाळावा लागतो. अंधारात, पावसात दोन्हींपैकी एक हरवणारच! कॅननने इथे जास्त डोकं लावलंय: १५००डीसारख्या बॉडींचं रबरी झाकण पट्ट्यातच ओवलेलं असतं. आयकप तिथेही काढावा लागतो, आणि वाऱ्यात फडफडणारा पट्टा कॅमेरा हलवतो, म्हणून तो ट्रायपॉडच्या पायाला गुंडाळायचा. खरी सोय डी५०० आणि डी८५०मध्ये: आयपीसजवळची कळ फिरवली की आतला पडदा बंद. मिररलेसवाल्यांनी (आरसा नसलेला कॅमेरा वापरणाऱ्यांनी) हा विषय सोडून द्यावा, तिथे व्ह्यूफाइंडर म्हणजे नुसता स्क्रीन.

टोपण नसेल तर मॅट काळी गॅफर टेप (गोंद न ठेवता निघणारी कापडी टेप) आयकपच्या कडेवर लावा, काचेवर नाही. वायरिंगची टेप नको. उन्हात तिचा गोंद रबराला चिकटून बसतो. दुहेरी काळं कापडही चालतं, वारा नसेल तोवर.

आपल्या बॉडीत किती प्रकाश झिरपतो ते घरीच कळतं. लेन्सला झाकण, आयएसओ १६००, ३० सेकंद, आणि तेवढा वेळ आयपीसवर टॉर्च. एकदा उघड्या आयपीसने, एकदा टोपण लावून. टोपण लावूनही फोटो उजळला तर गळती दुसरीकडे आहे. लेन्स माउंटपासून शोधायला लागा.

दुसऱ्या कंपनीचं स्वस्त टोपण घेणार असाल तर दुकानातच बसवून कॅमेरा उलटा धरा. पडलं तर परत द्या.