विंचसाठी बॅटरी: नऊ महिने चिखलात वापरल्यावर

"किती एएचची देऊ?" विंचसाठी, म्हणजे रुतलेली गाडी दोर गुंडाळत ओढून काढणाऱ्या गाडीवरच्या मोटर-ड्रमसाठी, बॅटरी घ्यायला गेलो तेव्हा कोल्हापुरातल्या दुकानदाराने मला एवढंच विचारलं. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत वीज किती साठते त्याचं माप. मी म्हटलं, विंच ओढायचाय. तर म्हणाला, "मग मोठी घ्या की. जेवढे एएच जास्त, तेवढी ताकद जास्त." मी मान डोलावली, कारण तोवर मलाही तसंच वाटत होतं. नशीब, त्या दिवशी खिशात पैसे कमी होते, नाहीतर चुकीची बॅटरी घरी आली असती.

गाडी जुनी सीआरडीई थार, २०२०च्या आधीची. चंदगड तालुक्यात तिलारीच्या अंगाला आमची काजूची बाग आहे. डांबरी सोडून बागेपर्यंत पाऊण किलोमीटर लाल मातीची वाट, आणि जून ते सप्टेंबर तिला वाट म्हणायचं फक्त सवयीने. विंच १२ व्होल्टचा, ९,५०० पौंडी, म्हणजे साधारण ४,३०० किलोचा, सिंथेटिक दोराचा. त्याची माउंटिंग प्लेट उद्यमनगरातून कापून घेतली. बॅटरी मात्र गाडीत होती तीच ठेवली. साडेतीन वर्षांची, साधी पाण्याची. सकाळी एका सेल्फला गाडी सुरू व्हायची, म्हणजे ठणठणीत असणार, असा हिशेब.

हा हिशेब जुलैत फसला. गाडी पोटावर बसली होती. वरच्या फणसाला पट्टा बांधला, दोर ताणला आणि बटण दाबलं. दोनेक मीटर गाडी सरकली, मग विंचचा आवाज बसत गेला. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विंचची मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या डब्यातून टरटर आवाज यायला लागला. मी बटण सोडलं, पण विंच थांबेना. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टर धड चिकटत नाही नि धड सुटत नाही, त्या फडफडीत त्याचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटतात. तेच झालं होतं. दोर ताणत चाललेला, गाडी एका दगडाला अडलेली, आणि मी रिमोट हातात धरून नुसता बघतोय. दाजी ओरडले, "वायर काढ की आधी!" दहा नंबरचा पाना घेऊन मायनसची क्लिप सोडेपर्यंत जो वेळ गेला तो आठवला की अजून पोटात गोळा येतो. त्यामुळे बॅटरीच्या आधी एक सांगतो: विंचच्या प्लस वायरवर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच लावा, बॉनेट न उघडता हात पोचेल असा. बॅटरीच्या मानाने त्याचा खर्च काहीच नाही.

मग मी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणला आणि त्याच बॅटरीवर आकडे घेतले. दोर नुसता रिकामा गुंडाळताना ६५-७० अँपिअर. चढावर मोकळी गाडी ओढताना २०० च्या आसपास. चाकं निम्मी बुडालेली असताना ३२०. पूर्ण लोडला असे विंच ४०० च्या वर जातात, पण तिथवर मी गेलो नाही. ३२० वर असताना बॅटरीच्या पोलवर १०.४ व्होल्ट होते आणि विंचच्या टर्मिनलवर ९.२. म्हणजे सव्वा व्होल्ट नुसता वायरीत आणि लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडात, चालला होता. निम्मा दोष बॅटरीचा नव्हताच.

आता एएचबद्दल. डब्यावरचे ६० एएच हे बहुतेक २० तासांच्या हिशेबाने असतात: ३ अँपिअरने २० तास. शाळेतलं गणित लावलं तर ३०० अँपिअरने १२ मिनिटं यायला हवीत. प्रत्यक्षात इतक्या जोरात उपसलं तर बॅटरी त्याच्या निम्म्यावरच धापा टाकते. विहिरीत पाणी किती आहे हे एएच सांगतो, मोटेने एका हिसक्यात किती वर येईल ते नाही. ते सांगणारा आकडा म्हणजे सीसीए, कोल्ड क्रँकिंग अँपिअर. अमेरिकी पद्धतीत उणे १८ अंशांवर अर्धा मिनिट सलग, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, बॅटरी किती अँपिअर देते ते मोजतात. चंदगडात कुठली आलीये उणे १८ची थंडी, म्हणून आपल्याकडे हा आकडा कोणी बघत नाही. पण आतला रोध किती कमी आहे हे याच आकड्यावरून कळतं, आणि विंचला तेवढंच हवं असतं. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना दोन्हींवर एकाच मानकाचा आकडा आहे ना, एवढं मात्र बघा. युरोपीय मोजणी थोडी वेगळी असते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. गावात एकाने इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर मागे हौद्यात टाकायला सांगितलं. ती बॅटरी रात्रभर पंखे चालवायला केलेली असते, जाड प्लेटा, सावकाश उपसा. तिच्याकडून ३०० अँपिअर मागितले तर व्होल्टेज बसतंच, वर पन्नासेक किलोचं ओझं आणि उतारावर ॲसिड सांडायची भीती. दुसऱ्याने लिथियम सुचवली, वजनाला हलकी म्हणून. मी पाहिलेल्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांच्या आतलं सर्किट १०० अँपिअरलाच हात वर करतं, म्हणजे ऐन ओढीत सगळं बंद. दोन बॅटऱ्यांचा विचार मीही केला होता. गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेला उतरणाऱ्यांना ते ठीक आहे, त्यांचा विंच दिवसभर चालतो. माझा आठवड्यातून जेमतेम एकदा चालतो. आणि बॉनेटखाली जागाही नव्हती.

शेवटी एजीएम घेतली. ७० एएच, ७६० सीसीए, सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांत येते त्या मापाची. यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, त्यामुळे गाडी कलंडली तरी हिंदकळत नाही, आणि प्लेटा घट्ट आवळलेल्या असल्याने दणक्यांनी झडत नाहीत. किंमत त्याच एएचच्या साध्या बॅटरीच्या दुपटीच्या घरात. जुनी बॅटरी परत दिल्यावर थोडे कमी झाले, तरी खिसा दुखलाच.

बसवताना भानगड झाली. जुनी जपानी मापाची होती, तिला वरून पट्टी येते. ही डीआयएन, म्हणजे जर्मन मापाची, हिला खालच्या कडेला पकड लागते. जपानी मापाचं कोडं एकदा कळलं की सोपं आहे: ८०डी२६एल मधले २६ म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी, आणि शेवटचा एल किंवा आर म्हणजे पोल कोणत्या बाजूला. डीआयएनमध्ये ते सगळं वेगळं, त्यामुळे दुकानात जाताना जुन्या बॅटरीची लांबी-रुंदी-उंची, पोलच्या बाजूचा फोटो आणि टेप बरोबर ठेवा. मी ठेवला नव्हता. ट्रे पुन्हा वेल्डिंगला गेला, दिवस मोडला. त्याच फेरीत इंजिनच्या बाजूला पत्र्याचा आडोसाही करून घेतला, कारण एजीएमला उष्णता सोसत नाही. आपल्याकडे बॅटरीला थंडीपेक्षा बॉनेटखालची धगच जास्त मारते.

बॅटरीबरोबर वायरही बदलली. जाऊन-येऊन चार मीटर होते. २५ स्क्वेअर एमएमची काढून ५० ची तांब्याची टाकली, लग हातोड्याने न ठोकता हायड्रॉलिक पंचने दाबून घेतले, आणि मायनस चेसिसवर न सोडता थेट बॅटरीपर्यंत आणला. हिशेब सोपा आहे. ५० ची वायर चार मीटरला ३०० अँपिअरवर साधारण ०.४ व्होल्ट खाते, २५ ची त्याच्या दुप्पट. कंजूस लग असतील तर आणखी.

त्यानंतर तसाच चिखल, तसाच चढ, मीटरवर ३१० अँपिअर, इंजिन दीड हजार आरपीएमवर. पोलवर ११.६, विंचवर ११.१. जवळजवळ दोन व्होल्टचा फरक पडला, आणि तो कानालाही कळतो. विंच आता रडत नाही. तेवढ्याच ओढीला करंट साधारण तेवढाच लागतो, पण व्होल्टेज टिकल्यामुळे ड्रम वेगाने फिरतो, काम लवकर संपतं, बॅटरीतून कमी जातं आणि मोटरही कमी तापते.

ऑगस्टपासून आजपर्यंत वहीत ३७ ओढी लिहिल्यात. त्यातल्या अकरा माझ्या गाडीच्या, बाकी शेजाऱ्यांचे टेम्पो, एक ट्रॅक्टरची ट्रॉली आणि वादळात वाटेवर पडलेली झाडं. एकदाही बॅटरी बसली नाही. पण पथ्य पाळलं: इंजिन चालू ठेवूनच ओढायचं, दीडेक मिनिट ओढलं की थांबायचं. तीन मिनिटं ३०० अँपिअरने ओढलं तर १५ एएच जातात. आल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राने, ६० अँपिअर दिले तर तेवढ्या वेळात ३ परत येतात. राहिलेले १२ भरायला निदान बारा मिनिटं लागतात, खरं तर जास्तच, कारण भरत आलेली बॅटरी करंट कमी घेते. त्या वेळात चहा होतो.

आता तक्रारी. माझ्या गाडीचा आल्टरनेटर १४.१ च्या वर जात नाही आणि एजीएमला पूर्ण भरायला १४.४ ते १४.७ लागतात. त्यामुळे ती नेहमी थोडी अर्धपोटी राहते. दिवाळीत तीन आठवडे गाडी उभी होती, ट्रॅकर चालू, परत आलो तर १२.१ व्होल्ट. भरलेली एजीएम १२.८ च्या पुढे दाखवते, म्हणजे निम्म्याच्या खाली उतरली होती. आता एजीएम मोड असलेला चार्जर घेतलाय आणि महिन्यातून दोन रात्री लावतो. तो खर्च बॅटरीच्या किमतीत धरायला हवा होता, कुणी सांगितलं नाही. दुसरं, सीलबंद असल्याने ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घालता येत नाही, कोणता सेल नरम पडतोय ते कळायला मार्ग नाही. तिसरं, वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात विंचसारखं जादा उपकरण जोडलं तर जबाबदारी नाही असं लिहिलंय. बिल करायच्या आधी वाचा. मी घरी येऊन वाचलं.

पैसे कमीच असतील तर क्रम असा लावा: आधी कट-ऑफ स्विच आणि जाड वायर, मग स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडणारी पुली. पुलीतून दोर गाडीवर परत आणला की विंचवरचा भार जवळपास निम्मा होतो. माझ्याकडे ३१० वरून १७० अँपिअरवर आलं. वेग निम्मा होतो, पण आपल्याला कुठे गाडी पकडायचीय? शिवाय दोर जास्त उलगडला जातो; ड्रमच्या आतल्या थरावरच विंच पूर्ण ताकद देतो, प्रत्येक वरच्या थराला ती घटत जाते. एवढं केलंत तर चांगल्या सीसीएची साधी मेंटेनन्स-फ्री बॅटरीही बऱ्याच जणांना पुरेल. एजीएम मी पुन्हा घेईन, पण बागेचा उतार आणि कलंडती गाडी नसती तर कदाचित घेतली नसती.

परवा वळवाने झोडपलं. काजूच्या पोत्यांनी भरलेला एक छोटा टेम्पो वाटेत रुतला. चालकाने घाईत पट्टा काजूच्या झाडाला बांधला होता, तो आधी सोडवला. काजूचं लाकूड कडकन मोडतं, त्याच्यावर भरवसा नाही. फणसापर्यंत दोर पुरत नव्हता, मग पट्टा जोडून पुली लावली. पावणेदोनशे अँपिअर, पोलवर १२.३. टेम्पो निघाला, आणि पोती मोजताना दोन भिजलेली निघाली.