50 रुपयांचा सेल, मोजले 14,800

लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं. लाज वाटते हो. कारण मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, 22 वर्षं प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला काम केलेला माणूस, आणि मला गाडीची चावी बनवणाऱ्या दोन पोरांनी स्कूटरवर येऊन 14,800 ला कापलं. पण त्या पोरांचा नंबर अजून नकाशावर पहिल्या पानावर दिसतोय म्हणून लिहितोय.

जूनमधली गोष्ट. बायपासला एका मंगल कार्यालयात भाच्याचा साखरपुडा. रात्री सव्वादहाला निघालो, मी, बायको, मुलगा आणि आई. आईचं वय 74, गुडघे गेलेले, शुगर. गाडीजवळ आलो, रिमोट दाबला, काही नाही. हँडलवरचं बटण दाबलं, तेही नाही. गाडी 2019 ची, पुश स्टार्टवाली, म्हणजे चावी घालायला कुठे भोकच नाही असं मला वाटायचं (असतं, ड्रायव्हरच्या हँडलला, काही गाड्यांत झाकणाखाली. मला माहीत नव्हतं, पाच वर्षं गाडी वापरून). वरून पाऊस भुरभुरायला लागला. नातेवाईक टाटा करून निघून गेले.

वॉचमन काका आले, बघितलं आणि म्हणाले, "साहेब, रिमोटचा सेल गेला असंल. आमच्या इथं महिन्यातनं एकदा होतंय कुणाचं तरी. समोरच्या मेडिकलात मिळतो."

आणि मी काय म्हणालो? "काका, ही साधी गाडी नाहीये, स्मार्ट की आहे." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. समोर चोवीस तासवालं मेडिकल लख्ख उघडं होतं. मेडिकलवाल्याकडे रिमोटचा सेल कसा असेल, असं मनात हसलो पण होतो. तर कसा असतो सांगतो. शुगर तपासायच्या बऱ्याच मशीनमध्ये सीआर 2032 हा गोल चपटा सेल असतो आणि माझ्या रिमोटमध्येही तोच. आईचं मशीन तिच्या पर्समध्ये होतं. आणि ती पर्स, पावसात भिजू नये म्हणून, त्या वेळी मीच काखेत धरून उभा होतो.

असो.

मोबाईलवर 'कार की मेकर' टाकलं, पहिला जो आला त्याला फोन. फोनवरचा माणूस एकदम गोड, व्हिजिट फक्त 299, बाकी काम बघून. रिव्ह्यू सगळे पाच स्टार. घरी येऊन नीट वाचले तर झाडून सगळे एकाच महिन्यातले, आणि 'बेस्ट सर्व्हिस, व्हेरी प्रोफेशनल' याच्या पलीकडे एकातही कुठली गाडी, काय बिघाड, किती पैसे याचा पत्ता नाही. रिव्ह्यू मोजू नका, वाचा.

चाळीस मिनिटांनी दोन पोरं आली, सॅकमध्ये टॅबलेट, वायरी, मीटर. आरसी मागितली नाही, लायसन्स नाही, साधं नाव पण विचारलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं, कटकट नाही म्हणून. अरे, पण जो माणूस कागद न बघता रात्री अकराला कुणाचीही गाडी उघडून देतो तो काय लायकीचा असणार! खरा चावीवाला आधी आरसी मागतो. न मागणाऱ्याला तिथूनच परत पाठवा, 299 देऊन टाका हवं तर.

एकाने माझ्याकडून रिमोट घेतला, कडेची बारीक खिट्टी सरकवली आणि आतून लोखंडी चावी ओढून काढली. माझ्याच रिमोटमधून माझीच चावी काढून त्याने माझीच गाडी उघडली आणि त्याचे 1,500 लावले, 'डोअर ओपनिंग'. दार उघडल्याबरोबर अलार्म जोरात कोकलायला लागला. "बघा सर, इमोबिलायझर लॉक झालाय." (म्हणजे चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून असलेली यंत्रणा.) अलार्म चालू असताना नुसत्या चावीने दार उघडलं की बऱ्याच गाड्या बोंबलतातच, रिमोट ओळखला की गप्प बसतात. पण त्या गोंगाटात, आई कानावर हात ठेवून उभी असताना, डोकं चालत नाही. त्यांना ते माहीत असतं.

आता जिथे मी थांबायला पाहिजे होतं ती जागा. त्याने रिमोटचं मागचं झाकण उघडलं, सेल काढला, मीटर लावला आणि मला दाखवला. 2.71 व्होल्ट. "सर सेल ओके आहे, ईसीएमला प्रॉब्लेम आहे." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. मी मान डोलावली. मी! नवा सेल 3 च्या वर, अगदी 3.2 पण दाखवतो. लोड न लावता 2.71 म्हणजे सेल शेवटच्या घटका मोजतोय, बटण दाबलं की व्होल्टेज बसणार. हे मी ट्रेनी पोरांना फळ्यावर शिकवलेलं आहे. आकडा डोळ्यासमोर होता, मीटर डोळ्यासमोर होता, आणि मी आईला बसायला खुर्ची कुठे मिळते ते बघत होतो. त्याने तो सेल शर्टच्या खिशात टाकला, तेसुद्धा बघितलं.

मग स्टीअरिंगखाली ओबीडीच्या, म्हणजे गाडीतला बिघाड तपासायच्या सॉकेटला टॅबलेट जोडला, वीस मिनिटं टिकटिक, गाडीच्या पलीकडच्या बाजूला बसून काहीतरी खुडबुड, आणि 'नवी' चावी हातात. गाडी चालू! हिशोब असा: व्हिजिट 299, ओपनिंग 1,500, नवी स्मार्ट की 4,500, प्रोग्रामिंग 3,500, ईसीएम रिसेट 5,000, नाईट चार्ज 1,000. एकूण 15,799. मी घासाघीस करून 14,800 वर आणलं आणि वर स्वतःवर खूश. क्यूआर स्कॅन केला तर भलत्याच कुठल्यातरी साडी सेंटरचं नाव आलं. "मालकांचं आहे सर." बिल मागितलं, "व्हॉट्सॲप करतो." आजतागायत नाही. जुना रिमोट मागितला तर म्हणे कोड बदललाय, जुन्या चाव्या आता सगळ्या डेड, स्क्रॅपला जातात.

सोमवारी सकाळी बायको कपाटातली दुसरी चावी चुकून घेऊन खाली गेली आणि वरती फोन, "अहो, ही तर चालतीये की." मी पायऱ्यांवरच बसलो. कोड बदलला असता तर ती चालायला नको होती.

पेठेतल्या एका जुन्या चावीवाल्याकडे गेलो. त्याने आधी आरसी आणि आधार बघितलं, मग रिमोट उघडला. कव्हर नवं, सेल नवा, आतला बोर्ड माझाच. कशावरून? दोन वर्षांपूर्वी हाच रिमोट बादलीत पडला होता, बोर्डाच्या कोपऱ्यावर त्याची हिरवी बुरशी तशीच. आणि आतली लोखंडी चावी नवी कोरी, दातेच पाडलेले नाहीत, नुसती पट्टी. म्हणजे दार उघडणारी खरी चावी त्यांच्याकडे, माझ्याकडे पत्रा. त्याने नवीन कापून दिली, 350 घेतले, आणि म्हणाला की सेल मेला असला तरी रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून दाबला असता तर गाडी सुरू झाली असती, आतल्या चिपला सेल लागत नाही. तुमच्या गाडीत नेमकं कुठे टेकवायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, आज बघून ठेवा, जमलं तर एकदा करून बघा.

मग चौकी. पहिल्या चौकीत, कार्यालय आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत, पैसे घरच्या खात्यातून गेले ना, तिकडे जा. मी म्हणालो, साहेब, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्या असं आहे. तर माझ्याकडे बघून, "वकील आहात का?" नाही म्हणलं. "गाडी चालू झाली ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे." न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचंच आहे ना मग! नवीन चावी म्हणून माझीच जुनी विकली, ईसीएमला हात न लावता 5,000 घेतले, ही फसवणूक नाही तर काय हळदीकुंकू? दीड तास बाकावर बसवलं, साहेब राउंडला गेलेत. तीन वेळा गेलो. शेवटी साध्या कागदावरचा अर्ज घेतला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मी अक्षरशः भांडून मारून घेतला. बँकेत गेलो तर तिथली मुलगी म्हणाली पिन तुम्हीच टाकलाय सर. 1930 ही हेल्पलाइन ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे, माझी समोरासमोर झालेली. ग्राहक म्हणून भांडायचं तर हातात बिल नाही. म्हणून बिल आधी, स्कॅन नंतर, नावासकट, गाडीच्या नंबरसकट.

आणि जुनी चावी, जुना सेल, तुटकं कव्हर, काहीही सोडू नका. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही ओरिजिनल चाव्या मागतात, तेव्हा काय सांगणार, साडी सेंटरला दिली?

सर्व्हिस सेंटरने लॉक सेट बदलायचं कोटेशन दिलंय 9,240. अजून ठरत नाहीये. तोवर रात्री स्टीअरिंगला लोखंडी लॉक लावतो, 780 ला आणला. त्याला दोन चाव्या आल्यात, एक आईच्या पर्समध्ये ठेवलीये, त्या मशीनशेजारी.