फ्लोरिडातली होमओनर्स पॉलिसी: वाऱ्याची वेगळी, पाण्याची वेगळी

भारतातून येऊन फ्लोरिडात घर घेणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते. आपल्याकडे २०२१पासून विकली जाणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी वादळ आणि पूर दोन्ही एकाच कवचात घेते. फ्लोरिडातली नेहमीची होमओनर्स पॉलिसी, एचओ-३, वाऱ्याने झालेलं नुकसान भरून देते. जमिनीवरून घरात शिरलेल्या पाण्याचं नाही. ते समुद्राच्या उधाणाचं असो की तुंबलेल्या पावसाचं, त्यासाठी फ्लड पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. विमा कंपन्यांवरच्या लोकांच्या संतापाचं एक मोठं कारण हेच आहे.

फ्लोरिडाच्या पश्चिमेकडच्या टॅम्पाच्या किनाऱ्याला २०२४मध्ये दोन आठवड्यांत दोन्ही अनुभव आले. २६ सप्टेंबरचं हेलीन चक्रीवादळ दुरून गेलं, पण उधाणाचं पाणी घरांत घुसलं. ९ ऑक्टोबरला मिल्टन चक्रीवादळ टॅम्पाच्या दक्षिणेकडच्या ‘सिएस्टा की’ बेटाला धडकलं, तेव्हा मारा वाऱ्या-पावसाचा होता. अशा वेळी पहिल्या वादळानंतरचे तारखेसह फोटो नसतील तर कोणतं नुकसान कोणत्या पॉलिसीत, हा वाद अटळ. पाणी भिंतीवर कुठवर चढलं ती रेघ पुसण्याआधी टेप लावून तिचा फोटो घ्या.

पॉलिसीतली सर्वांत फसवी ओळ हरिकेन डिडक्टिबलची, म्हणजे चक्रीवादळाच्या नुकसानीतला आधी तुम्ही सोसायचा वाटा. ५०० डॉलर किंवा २, ५, १० टक्के असे पर्याय कायद्याने द्यावे लागतात. पण ही टक्केवारी नुकसानीवर नसते, घराच्या विमा रकमेवर असते. विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के, तर पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून. छपराचं नुकसान १५,०००चं असेल तर हातात ७,०००. हप्ता कमी व्हावा म्हणून ५ टक्के घेतले असतील तर काहीच नाही. आमच्या मते २ टक्क्यांपुढे जाऊ नये. हे डिडक्टिबल एका कॅलेंडर वर्षात एकदाच लागतं, म्हणून पहिल्या वादळातलं किरकोळ नुकसानही कळवा आणि पावत्या जपा. दुसऱ्या वादळात डिडक्टिबलमधून तेवढी रक्कम वजा होते.

छतातून पाणी गळलं की लोक क्लेम करतात आणि नकार येतो. नियम असा, की आधी वाऱ्याने छपराला किंवा भिंतीला भोक पडलेलं असावं आणि त्यातून पाऊस आत आलेला असावा. जुन्या फ्लॅशिंगमधून (छपराच्या सांध्यांवरच्या पत्र्याच्या पट्ट्यांतून) झिरपलेलं पाणी यात बसत नाही. म्हणून ताडपत्री घालण्याआधी उडालेल्या शिंगल्सचे (छपरावरच्या चकत्यांचे) आणि उघड्या पडलेल्या लाकडाचे जवळून फोटो हवेत. ताडपत्री मात्र लगेच घाला. पुढचं नुकसान टाळणं ही पॉलिसीचीच अट आहे. अनेक पॉलिसींत या तातडीच्या दुरुस्तीवर मर्यादा असते, तेव्हा मोठा खर्च करण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. छपराचं कवच ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ (नव्या छपराची पूर्ण किंमत) आहे की घसारा कापून, हेही नूतनीकरणाच्या वेळी तपासा. जुन्या छपरावर हा फरक हजारो डॉलरचा असतो.

सरकारी फ्लड पॉलिसी घरासाठी कमाल २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर देते. सामानाचं कवच वेगळं मागावं लागतं, आणि दुसरीकडे राहण्याचा खर्च त्यात नाही. साधारणपणे ती ३० दिवसांनी लागू होते. वादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो, म्हणजे एप्रिल संपण्याआधी घेतलेली बरी.

हप्त्यात खरी सवलत मिळवून देणारी गोष्ट म्हणजे विंड मिटिगेशन तपासणी, म्हणजे घर वाऱ्याला किती तोंड देईल याची पाहणी. छप्पर भिंतींना क्लिपने बांधलंय की पट्ट्यांनी, खिडक्यांना शटर्स आहेत का, हे निरीक्षक ठराविक फॉर्मवर नोंदवतो. तो फॉर्म पाच वर्षं चालतो. पट्टा प्रत्येक ट्रसला (छपराच्या लाकडी कैचीला) दिसला पाहिजे आणि खिळे पुरेसे हवेत, नाहीतर खालचा दर्जा लागतो.

डिसेंबर २०२२च्या कायद्याने नवा क्लेम नुकसानीपासून एका वर्षात कळवायचा आहे, पूरक (त्याच नुकसानीचा वाढीव) क्लेम १८ महिन्यांत. कंपनीने पैसे देण्याचा किंवा नाकारण्याचा निर्णय सर्वसाधारणपणे ६० दिवसांत द्यायचा. त्याच कायद्याने, खटला जिंकल्यावर वकिलाची फी कंपनीकडून मिळण्याची जुनी सोय काढून टाकली, आणि हा घरमालकांवर सरळ अन्याय आहे. त्यामुळे वकिलाकडे जाण्याआधी राज्याच्या वित्तीय सेवा विभागाकडे मध्यस्थी मागा. तिचा खर्च विमा कंपनी उचलते. जाताना कंत्राटदाराचा बाबवार अंदाज आणि फोटो सोबत न्या.