पॅच लावलेले पोस्टग्रेस्क्यूएल स्वतः बिल्ड करून वापरताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

डेबियन या लिनक्स वितरणाच्या तयार पॅकेजऐवजी सोर्समधून (मूळ कोडमधून) पॅच, म्हणजे कोडमधले आपले बदल, लावून बांधलेले पोस्टग्रेस्क्यूएल १७ हे डेटाबेस सॉफ्टवेअर गेले कित्येक महिने कामाच्या सर्व्हरवर चालू आहे. प्लॅनरच्या, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाच्या, वर्तनातील जो बदल हवा होता, तशा प्रकारचे बदल किरकोळ आवृत्त्यांमध्ये घेतले जात नाहीत, कारण तिथे फक्त दोषदुरुस्ती आणि सुरक्षा-दुरुस्ती येते. त्यामुळे पुढच्या मुख्य आवृत्तीची वाट पाहणे किंवा स्वतः बिल्ड करणे, एवढेच पर्याय उरले होते.

थेट ‘मेक इन्स्टॉल’ (बिल्ड केलेल्या फायली सरळ सिस्टिममध्ये टाकणारी आज्ञा) न करता पॅकेजच बनवण्याचा निर्णय योग्य ठरला. सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा), कॉन्फिगरेशनच्या जागा आणि क्लस्टर (एका सर्व्हरखालील डेटाबेसचा संच) हाताळण्याची डेबियनची साधने त्यामुळे जशीच्या तशी राहतात. सोर्स आणणे, क्विल्ट या पॅच सांभाळणाऱ्या साधनाने पॅच जोडणे आणि एसबिल्ड या पॅकेज बांधणाऱ्या साधनाच्या स्वच्छ वातावरणात बिल्ड करणे यांत फारशी अडचण येत नाही. वेळ जातो तो चाचण्यांत. रिग्रेशन चाचण्या (बदलांमुळे जुने वर्तन बिघडले नाही ना, हे पाहणाऱ्या) क्वेरीचे प्लॅन अपेक्षित मजकुराशी ताडून पाहतात, त्यामुळे प्लॅनरला हात लावला की कोड बरोबर असूनही चाचण्या पडतात आणि अपेक्षित निकालांच्या फायलीही पॅचमध्ये घ्याव्या लागतात. नव्या आवृत्तीवर पॅच लावताना कोडपेक्षा याच फायली अधिक वेळा अडतात. तरीही चाचण्या वगळून बिल्ड करण्याचा पर्याय डेटाबेसच्या बाबतीत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवृत्तीच्या नावाकडे मात्र सुरुवातीपासून लक्ष द्यावे. ‘१७.५-१+लोकल१’ हे नाव वितरणाच्या १७.५-१ पेक्षा वरचे, पण १७.६-१ पेक्षा खालचे ठरते; म्हणजे पुढचे अद्यतन आले की आपले पॅकेज मुकाट्याने बदलले जाते आणि पॅच नाहीसा होतो. पॅकेजचे अद्यतन रोखणारा ‘होल्ड’ लावल्यास हे टळते, पण सुरक्षा-दुरुस्त्याही अडतात. म्हणून होल्डच्या जोडीला नव्या सोर्सची सूचना देणारी व्यवस्था असलीच पाहिजे. किरकोळ आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात, त्यामुळे त्या कामाचे नियोजन आधी करता येते.

एक्स्टेन्शनचा, म्हणजे डेटाबेसला जोडल्या जाणाऱ्या पूरक मोड्यूलचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये १७.१ मध्ये एका अंतर्गत स्ट्रक्चरचा (कोडमधील माहितीच्या मांडणीचा) आकार वाढला, आधी बिल्ड केलेल्या काही एक्स्टेन्शनना त्याची बाधा झाली आणि आठवड्याभरात १७.२ काढावी लागली. मूळ प्रकल्पाच्या बाबतीत असे घडू शकते, तर आपल्या पॅचने स्ट्रक्चरमध्ये नवे फील्ड घालणे किती जोखमीचे आहे हे वेगळे सांगायला नको. एक्स्टेन्शन लोड होताना होणारी तपासणी मुख्य आवृत्ती आणि काही बिल्ड-स्थिरांक पाहते. स्ट्रक्चरची मांडणी तिच्या नजरेत येत नाही. नावांची कमाल लांबी ठरवणारा स्थिरांक बदलला, तर जुन्या डेटा डिरेक्टरीवर सर्व्हर सुरूच होत नाही, आणि एका अर्थी ते बरेच आहे, कारण निदान चूक लगेच कळते.

प्रत्येक बिल्डसोबत तयार होणारी डीबग-चिन्हांची (बिघाड कोडच्या कोणत्या जागी झाला हे शोधायला लागणाऱ्या माहितीची) पॅकेजेसही स्थानिक रिपॉझिटरीत जपून ठेवावीत. सर्व्हर कोसळल्यावर नेमक्या त्याच बिल्डची चिन्हे हाताशी नसतील, तर दोष आपल्या पॅचचा की मूळ कोडचा, हे ठरवणे फार कठीण जाते.